मदत हवी आहे: कोईच्या तळ्यातली घाण फिल्टरमध्ये येतच नाही

टॉवेलवाला:

नमस्कार मंडळी. विजापूर रोडला घर आहे, पुढे थोडी बाग. दोन वर्षांपूर्वी तिथं हौसेनं कोई माशांचं (ते रंगीत जपानी मासे) तळं बांधलं. "सोलापुरात माणसाला चार-पाच दिवसांनी नळाचं पाणी येतंय आणि तू माशांना तळं बांधतोस का बे" हे सगळ्या मित्रांकडून ऐकून झालंय, तेव्हा तेवढं सोडून बोला. तळं बोअरच्या पाण्यावर आहे.

काँक्रीटचं तळं, १२ फूट लांब, साडेसात फूट रुंद, पाणी ४ फूट. दोन फूट जमिनीत, दोन फूट वर. म्हणजे साधारण १०,००० लिटर. मासे ९. आणले तेव्हा बोटाएवढे होते, आता सगळे फुटाच्या वर गेलेत. बांधताना तळाला ड्रेन ठेवला नाही. गवंडी म्हणाला गळती लागेल, मी मान डोलावली.

फिल्टर घरीच केलाय. २०० लिटरचं निळं पिंप, खाली खडी, त्यावर प्लास्टिकचे बॉल, वर फोमचे दोन थर. सगळ्यात वर आमच्याच कारखान्यातले टॉवेलचे तुकडे, कारण ते फुकट आहेत. तळातला पंप ५,००० लिटर ताशीचा, डब्यावर तसं छापलंय. पिंप चार फुटांच्या कट्ट्यावर ठेवलंय, तिथून पाणी धबधब्यासारखं तळ्यात पडतं.

पूर्वी आठवड्यातून एकदा पिंप धुवायचो. आता दर दुसऱ्या दिवशी सगळं बाहेर काढून गच्चीवरच्या टाकीला पाइप लावून धुतो. तरी तळ दिसत नाही, मासे वर आले तरच दिसतात. पाणी मातकट आहे. दुकानदारानं पाणी निवळायचं औषध दिलं, दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. अमोनिया लिटरमागं ०.५ मिलिग्रॅम दाखवतोय, पीएच ८.२, दुपारी पाणी ३० अंशांपर्यंत जातं. एप्रिल यायचाच आहे अजून.

आणखी एक पिंप जोडू का? की तो तयार ड्रम फिल्टर घेऊ? त्याची किंमत ऐकून बायको दोन दिवस बोलली नाही.

जलपर्णी:

आधी एक काम करा. काचेच्या स्वच्छ बाटलीत तळ्याचं पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी गाळ खाली बसून वर पाणी स्वच्छ दिसलं तर तुमचा प्रश्न गाळण्याचा. पाणी हिरवंच राहिलं तर ते शेवाळाचे कण, ते कुठल्याच फोममध्ये अडकत नाहीत, त्याला यूव्ही दिवा लागतो. आणि वरचं पाणी दुधट राहिलं तर जिवाणू वाढलेत, म्हणजे पाण्यात काहीतरी सडतंय किंवा विरघळतंय. हे न बघता पिंपावर पिंप जोडू नका.

कढीलिंब:

फुटाच्या वर गेलेत म्हणता? आमच्याकडे फुटाच्या वरच्या माशाचा प्रश्न पावशेर शेंगदाण्याच्या कुटात सुटतो.

टॉवेलवाला:

@कढीलिंब, पोरगी वाचतेय, जरा सांभाळून. प्रत्येकाला नाव आहे.

@जलपर्णी, बाटली ठेवली. सकाळी तळाला बोटभर तपकिरी गाळ. वरचं पाणी हिरवं अजिबात नाही, पण काचेसारखंही नाही. किंचित दुधट.

जलपर्णी:

मग दोन्ही आहेत. गाळाचं मी सांगते, दुधट कशानं ते तुम्हीच शोधा. आणखी एक मोजमाप करा: पिंपातून तळ्यात पडणारं पाणी २० लिटरच्या बादलीत धरा आणि किती सेकंदांत भरते ते बघा.

टॉवेलवाला:

३२ सेकंद. तीनदा मोजलं, पोरीच्या मोबाइलवर.

जलपर्णी:

म्हणजे ताशी २,२५० लिटर. डब्यावरचे ५,००० हे पाणी अजिबात वर न चढवता मिळणारे. तुम्ही ते पाण्याच्या पातळीपासून पाच फूट वर चढवताय, धबधब्यासाठी. तळं एकदा पूर्ण गाळून निघायला साडेचार तास लागतात. कोईसाठी सगळं पाणी एक ते दोन तासांत एकदा फिल्टरमधून जावं असं धरतात. माझा पहिला सल्ला, तोही फुकटचा: कट्टा उतरवा. आणि पाइप एक इंची असेल तर दीड इंची करा.

निळंपिंप (पुणे):

मी हे सगळे उद्योग करून बसलोय, म्हणून लांबलचक लिहितो.

तुमच्या फिल्टरचा खरा दोष पंप कुठे आहे यात आहे. माशाची विष्ठा खाली पडते तेव्हा ती अख्खी असते, जाळीवर सहज अडकेल अशी. तुमचा पंप तळात बसलाय. विष्ठा त्याच्या पंख्यातून जाते, तिथं तिचं पीठ होतं, आणि ते पीठ तुम्ही फोमनं पकडायला बघता. अर्धं फोममधून निसटतं, उरलेलं फोम दोन दिवसांत बंद करतं. म्हणजे तुमचा पंप मिक्सर झालाय. दुसरं पिंप जोडलंत तर धुवायला दोन पिंपं होतील, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फोममध्ये अडकलेली घाण तळ्याबाहेर गेलेली नसते. तिच्यातून दिवसरात्र पाणी वाहतंच असतं. चहाच्या गाळणीत चोथा ठेवून वरून गरम पाणी ओतत राहिलात तर रंग उतरतच राहतो, तसं. चोथा कचऱ्यात गेला तरच तो गेला. म्हणून चांगला फिल्टर तो, ज्यातली घाण वाहत्या पाण्यातून लवकर बाहेर काढता येते. ड्रम फिल्टर म्हणजे तरी काय, ६०-७० मायक्रॉनची फिरती जाळी. ती चोंदली की स्वतःवर फवारा मारून घाण नळीवाटे बाहेर टाकते. महाग आहे ते या आपोआप धुण्यासाठी.

तुमचे ९ मासे दिवसाला किती खातात?

टॉवेलवाला:

दाणे साधारण १०० ग्रॅम. शिवाय आण्णा, म्हणजे वडील, संध्याकाळी कणकेच्या गोळ्या टाकतात. किती ते विचारायची सोय नाही.

निळंपिंप (पुणे):

१०० ग्रॅम दाण्यामागं २५-३० ग्रॅम कोरडी घाण निघते असं मत्स्यशेतीवाले धरतात. भिजून ती किती दिसते ते तुम्ही रोज पिंपात बघताच. कणकेचा हिशोब वेगळा. कणीक पाण्यात सुटते, ती गाळून निघत नाही.

मागवाला (इचलकरंजी):

मी माशांतला नाही, मागावरचा आहे, पण एक विचारतो. टॉवेलचे तुकडे कोरे टाकलेत का, न धुतलेले?

टॉवेलवाला:

कोरेच. मागावरून उतरलेले, टोकाचे.

मागवाला (इचलकरंजी):

मग दादा, ताण्याला खळ असती ना. तुम्हाला मी काय सांगायचं.

टॉवेलवाला:

... अरे देवा.

वीस वर्षं धंद्यात आहे. तळ्यात स्टार्च घालत होतो आणि पाणी दुधट का म्हणून बाटल्या मांडत होतो. तुकडे आत्ता काढले. खालच्या बाजूला सुताचा लगदा झालाय, वास विचारू नका.

जलपर्णी:

धुतलेला टॉवेलसुद्धा नको. सूत पाण्यात कुजतं, आणि कुजताना माशांचा ऑक्सिजन खातं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागं ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात वाटेकरी कशाला वाढवायचे?

रसायनताई:

अमोनियाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ०.५ हा आकडा सोलापूरच्या पाण्यात साधा समजू नका. अमोनियाचा विषारी भाग पीएच आणि तापमान वाढलं की वाढतो. ३० अंश आणि पीएच ८.२ ला तो सुमारे ११ टक्के असतो. तेच पाणी ७.२ पीएचचं असतं तर सव्वा टक्का. पण म्हणून पीएच खाली आणायच्या भानगडीत पडू नका. बोअरच्या जड पाण्यानं तो एका जागी राहतो, आणि ते माशांना बरं असतं. खाणं निम्मं करा, तेही सकाळीच द्या.

आणि ते धुणं! गच्चीवरच्या टाकीत महापालिकेचं पाणी आहे ना? त्यातल्या क्लोरीननं बॉल आणि खडीवरचे जिवाणू मरतात. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात ते हेच. तुम्ही दर दुसऱ्या दिवशी त्यांचा संसार धुऊन टाकताय आणि वर अमोनिया का दिसतो म्हणून विचारताय. वरचा फोम कशानंही धुवा, साबण सोडून. बॉल मात्र तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत नुसते हलवून घ्यायचे, तेही क्वचित.

टॉवेलवाला:

ताई, रागावू नका. मला वाटत होतं जितकं स्वच्छ तितकं बरं.

मग आता नेमकं काय करू? भिंत न फोडता होईल असं सांगा.

हौशी४२:

भिंतीवरून चार इंची पाइप उलट्या यूसारखा टाका, सायफन. तळातली घाण आपोआप बाहेरच्या टाकीत, पंप टाकीत. मी यूट्यूबवर बघितलंय.

निळंपिंप (पुणे):

मी करून बघितलंय. पाण्यातले बुडबुडे हळूहळू वरच्या वळणात साठतात आणि एक दिवस सायफन तुटतो. त्या दिवशी पंप बाहेरची टाकी उपसून कोरडा चालतो आणि जळतो. तो दिवस तुम्ही गावाला गेलेला असतानाचाच असतो.

टॉवेलवाले, दोन टप्प्यांत करा. आत्ताचा टप्पा स्वस्तातला. पंपातून येणारं पाणी पिंपात जायच्या आधी तिरक्या जाळीवरून सोडायचं. स्टेनलेस स्टीलची ६० मेशची जाळी घ्या, म्हणजे इंचाला ६० घरं. एका घराचं तोंड पाव मिलिमीटर, २५० मायक्रॉन. दोन फूट लांब, दीड फूट रुंद तुकडा चौकटीत ताणून ५०-६० अंशांवर उभा करायचा. पाणी वरच्या कडेनं पन्हळीतून पातळ पसरून पडलं पाहिजे, धार नको. पाणी जाळीतून खाली पिंपात जातं, घाण घसरून खालच्या पन्हळीत बसते. रोज ती पन्हळ लिंबाच्या झाडाला ओता. ताटलीएवढी घाण, दोन मिनिटांचं काम. जाळीवर बुळबुळीत थर धरतो, आठवड्यातून दोनदा मागच्या बाजूनं ब्रश मारा, नाहीतर पाणी जाळीवरूनच वाहून घाणीच्या पन्हळीत जाईल आणि तळं रिकामं होईल.

सोबत पंप बदलता आला तर बघा. सहा-आठ मिलिमीटरचे कण अख्खे जाऊ देणारे पंप मिळतात, त्यात पीठ कमी होतं. आणि धबधब्याचं पाणी सरळ मध्ये न पाडता भिंतीच्या कडेनं तिरकं सोडा. पाणी गोल फिरायला लागलं की घाण एका जागी जमते, पंप तिथं ठेवायचा.

दुसरा टप्पा कोअर कटिंगचा, म्हणजे यंत्रानं काँक्रीटमध्ये गोल भोक पाडायचा. भिंतीत तळाशी चार इंची भोक, पाइप बाहेर ५०० लिटरच्या टाकीत. टाकीची कड तळ्याच्या पाण्यापेक्षा तीन-चार इंच वर, म्हणजे तुमच्याकडे सव्वा-दीड फूट खड्डा खणून बसवावी लागेल. पाणी उताराशिवाय आपलं आपण समपातळीत येतं, घाण अख्खी येते, टाकीत बसते, आणि पंप टाकीच्या पुढे. चार इंचीच घ्या. दोन इंची पाइपातून पंपाच्या मागणीएवढं पाणी येत नाही आणि टाकी उपसली जाते. २०० लिटरच्या पिंपात ताशी ५,००० लिटर सोडलं तर पाणी अडीच मिनिटंसुद्धा थांबत नाही, घाण बसणार कधी? ५०० लिटरमध्ये सहा मिनिटं मिळतात.

पण हे दिवाळीनंतर. त्याला मासे बाहेर काढून पिंपात ठेवावे लागतील, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पिंपातलं पाणी म्हणजे रस्साच. @कढीलिंब, तुम्हाला आयतं मिळेल.

टॉवेलवाला (तीन आठवड्यांनी):

धागा वर काढतोय, सांगायचं राहिलं होतं.

कट्टा अडीच फूट उतरवला. पाइप दीड इंची केला. बादली आता २० सेकंदांत भरते, म्हणजे ताशी ३,६०० लिटर, तळं पावणेतीन तासांत फिरतं. पोरगी धबधबा लहान झाला म्हणून रुसली होती, मग त्यावर एक फरशी तिरकी लावून दिली, आता आवाज पूर्वीपेक्षा मोठा येतो.

जाळी बसवली. पहिल्या सकाळी पन्हळीत जे काही जमलं होतं ते बघून बायकोनंच विचारलं, हे सगळं इतके दिवस कुठं होतं? पहिल्यांदा चौकट ४५ अंशांवर केली होती, घाण घसरतच नव्हती. उभी केली तशी घसरायला लागली. पिंपातला फोम आता आठ-दहा दिवसांनी धुतो, बॉलना हात लावलेला नाही. वर हिरवी शेडनेट बांधली. एअर पंप इन्व्हर्टरवर घेतला, कारण रात्री लाइट गेली तर धबधबा बंद पडतो.

अमोनिया परवा ०.१ च्या आसपास होता. उथळ बाजूला तळ दिसतो, खोल कोपऱ्यात अजून धूसर आहे. बारीक पीठ राहतंच, ते जाळीतून जातं हे मान्य. त्याला दिवाळीशिवाय इलाज नाही असं दिसतंय.

कणकेचं आण्णांशी बोललो. म्हणाले, सिद्धेश्वर तलावाला आयुष्यभर टाकली, तिथलं पाणी काय मी खराब केलं का? शेवटी दाण्यांचा डबाच त्यांच्या हातात दिला आणि सकाळचं खाणं त्यांच्याकडे सोपवलं. मोजून देतात आता, माझ्यापेक्षा काटेकोर. संध्याकाळी नुसते कठड्यावर बसतात.

रसायनताई:

आण्णांना नमस्कार सांगा. नायट्राइटपण एकदा तपासा, अमोनिया उतरताना तो चढतो.

निळंपिंप (पुणे):

छान. दिवाळीच्या आधी एक काम करून ठेवा. भिंतीचं बांधकाम चालू असतानाचे फोटो असतील तर काढून ठेवा. सळई कुठून गेलीय ते कळलं तर कोअर कटिंगवाल्याला भोक कुठं पाडायचं ते दाखवता येईल. आणि त्या भोकात पडल फ्लॅंज (गळती अडवणारी कडी असलेला पाइपाचा तुकडा) बसवून भोवतीची फट ग्राउटनं, म्हणजे पातळ मसाल्यानं, भरून घ्या, नुसतं सिमेंट लिंपून देणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवा.

टॉवेलवाला:

फोटो भरपूर आहेत. प्रत्येकात त्या भिंतीपुढं पोरगी उभी आहे.