खारघरची 2019 ची वॅगनआर 4 लाख 35 हजाराला, घ्यावी की सोडावी?

घोडबंदरची_सून

नमस्कार मंडळी. कासारवडवलीहून ऐरोलीला ऑफिस, आठवड्यातून चार दिवस जावंच लागतं आणि आधी घोडबंदरची बस मग ठाणे स्टेशनची गर्दी ह्याला आता खरंच वैतागलेय, म्हणून जुनी गाडी बघतोय. बजेट सगळं धरून साडेचार लाख, ओढूनताणून पावणेपाच. नवऱ्याच्या ओळखीतून खारघरला एक वॅगनआर कळली, 2019 ची, व्हीएक्सआय मॉडेल, 1.2 पेट्रोल, एमएच-43 नंबर, मीटरवर 58 हजार. मालक रिटायर्ड काका आहेत, 4 लाख 35 हजार सांगतायत, आणि रविवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय असंही दोनदा सांगून झालं. गाडी चकाचक आहे, सीट कव्हर नवी, आत वास पण छान, पाम बीच रोडवर चक्कर मारली तर मस्त पळते. नवरा म्हणतो टोकन देऊन टाकूया. ओळखीचा मेकॅनिक नाही. मला नक्की काय बघायचं तेच कळत नाहीये, आणि हा भाव बरोबर आहे का?

नेरुळचा_बंड्या

ताई, टोकन अजिबात नको आत्ता. खारघर-पनवेलच्या गाड्या सहसा एमएच-46 असतात, 43 म्हणजे वाशी आरटीओ. काका आधी वाशी-नेरुळकडे राहायला असतील तर विषयच संपला, पण नसतील तर त्यांनी ही गाडी कुणाकडून तरी घेतलेली आहे. एमपरिवहन ह्या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाका, कितवा मालक आहे ते दिसतं, शिवाय कर्ज आहे का, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे तेही. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. ई-चलान पण चेक करा, ट्रॅफिकवाल्यांच्या साईटवर नंबर टाकला की बाकी दंड निघतो.

आणि पाम बीचवर गाडी चालवून काय कळणार, त्या रोडवर पलंगाला चाकं लावली तरी पळेल 😄

वागळे_गॅरेज

मी गॅरेजवाला आहे, वागळे इस्टेटला, पण हे काम मला मिळावं म्हणून लिहीत नाहीये, खारघरमध्येच कुणीतरी बघा. हजार-दीड हजार घेईल पण लिफ्टवर चढवून खालून बघेल असाच बघा, आणि काकांनी सुचवलेला नको.

नवी सीट कव्हर आणि छान वास हे वाचूनच मला खटकलं. असू शकतं की काका टापटीप आहेत, पण पाण्यात बसलेली गाडी विकताना पण हेच करतात. ऑगस्ट 2025 च्या त्या पावसात ठाण्यात आणि नवी मुंबईत बऱ्याच गाड्यांत पाणी शिरलं होतं, त्यातल्या काही धुऊनपुसून बाजारात आल्यात, तर हे आधी बघा. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही, तिथे मातीचा डाग राहतो. पुढच्या सीटखाली मोबाईलचा टॉर्च मारून सीटचे रूळ आणि बोल्ट बघा, गंज असेल तर का आहे ते विचारा. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बघा. कार्पेटचा कोपरा उचलता आला तर उचला. हेडलाईटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तरी गडबड आणि विझलाच नाही तरी गडबड.

इंजिनचं म्हणाल तर एकच अट घाला, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी थंड इंजिनावर जा, बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर आधी सुरू करून ठेवलीय. थंड इंजिनाची खरखर, निळा धूर, रेस वरखाली होणं हे सगळं पहिल्या दोन मिनिटांतच दिसतं, नंतर गरम झाली की सगळ्याच गाड्या गुणी होतात. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ चिकटा असेल तर थांबायचं नाही तिथे, सरळ घरी. ह्या 1.2 इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही, आणि इंजिन दणकट आहे, ऑइल वेळेवर बदललं असेल तर 58 हजार म्हणजे काहीच नाही.

मग बेलापूरच्या पारसिक हिलच्या चढावर न्या. तिसऱ्या गिअरमध्ये चढवताना इंजिनाचा आवाज वाढतोय पण गाडी तेवढी पुढे जात नाही असं झालं तर क्लच संपत आलाय, आठ-दहा हजार बाजूला ठेवा. तिथेच उतारावर हँडब्रेक. परत येताना जरा खड्ड्याखड्ड्याच्या गल्लीतून आणा, एसी फुल लावून आणि गाणी बंद करून.

ठोकलेली आहे का हे रंगावरून बघण्यापेक्षा बोल्टवरून बघा. बोनेटचे आणि फेंडरचे बोल्ट उघडलेले असले की रंग उडतो. दरवाज्याचे रबर ओढून आतला पत्रा बघा, कंपनीचे वेल्डिंगचे टिपके एका अंतरावर असतात, गॅरेजच्या वेल्डिंगला ती सफाई येत नाही. बंपर-दरवाजा बदललेला असला तर घाबरू नका, मुंबई-ठाण्यात सहा वर्षं चालवलेल्या गाडीला ओरखडा नाही असं होतच नाही. पिलर (छत पेलणारे खांब) किंवा पुढची चासी (गाडीचा सांगाडा) ओढून सरळ केलेली दिसली तर मात्र तीन लाखालाही नको.

हिशेबी_माणूस

गाडी चांगली असेलही, भावाचं काय? 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 चा 18 झाला आणि सेस गेला. त्यानंतर नवीन वॅगनआरचं बेस मॉडेल एक्स-शोरूम पाच लाखाच्या आत आलं. त्यावर आपल्याकडे पेट्रोलला 11 टक्के रोड टॅक्स आणि इन्शुरन्स धरा. म्हणजे काका साडेसहा वर्षं वापरलेल्या गाडीचे जे मागतायत त्यात आणि कोऱ्या गाडीत (बेस का असेना) फरक उरतो साधारण दीड लाखाचा. विकणारे लोक मनात अजून जुन्या जीएसटीचाच हिशोब धरून बसलेत. जवळच्या शोरूमचं नव्या गाडीचं कोटेशन घ्या आणि ते हातात ठेवून बोला, भांडायची गरजच पडत नाही.

मी तर म्हणतो नवीनच घ्या. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर वॉरंटी आहे, आणि नवीन गाडीला लोनचा व्याजदर पण जुनीपेक्षा कमी लागतो.

घोडबंदरची_सून

सगळ्यांना थँक्यू, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. @हिशेबी नवीनचा विचार झाला पण सासऱ्यांचं ऑपरेशन झालंय आत्ताच, ईएमआय नको असं घरात ठरलंय.

अ‍ॅपवर बघितलं. बंड्या दादा तुमचं बरोबर निघालं, काका दुसरे मालक आहेत, 2022 ला वाशीच्या एका माणसाकडून घेतली. विचारल्यावर म्हणाले "हो मग, त्यात काय लपवायचंय", पण आधी सांगितलं नव्हतं हे खरं. कर्जपण दिसतंय एका बँकेचं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये फोन केला, शेवटची नोंद 2022 ची 31 हजारावर, नंतर बाहेर करतात म्हणे. पॉलिसीची कॉपी मागितली, ती नोव्हेंबर 2025 ला रिन्यू झालीय आणि त्यात एनसीबी 0 लिहिलंय. ह्याचा काही अर्थ असतो का?

पॉलिसीवाला

असतो आणि मोठा असतो. एनसीबी म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, ती माणसाची असते गाडीची नाही, म्हणून 2022 ला काकांची शून्यापासून सुरू झाली असेल तर ते ठीकच. पण मग एक वर्ष क्लेम नाही तर 20 टक्के, दोन वर्षं 25, तीन वर्षं 35. नोव्हेंबर 2025 च्या पॉलिसीत 35 हवं होतं. शून्य आहे म्हणजे दोनच शक्यता, एकतर आधीची पॉलिसी संपून 90 दिवसांहून जास्त गेले, किंवा नोव्हेंबर 24 ते नोव्हेंबर 25 मध्ये क्लेम घेतलाय. आणि ऑगस्टचा पाऊस नेमका त्याच वर्षात बसतो.

लगेच पाणीच भरलं असेल असं धरू नका. काकांकडून मागच्या वर्षीची पॉलिसी आणि क्लेमचे कागद मागा, गॅरेजच्या बिलात कुठले पार्ट बदलले ते ओळीनं लिहिलेलं असतं. दरवाजा, फेंडर, पेंट असं असेल तर हरकत नाही. वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), कार्पेट, सीट असं काही दिसलं तर फोन ठेवा आणि दुसरी गाडी बघा. कागद द्यायला टाळाटाळ केली तरी तेच.

कोपरीचा_केदार

हे भारी आहे, मला हे माहीतच नव्हतं. अजून एक, आधी टॅक्सी म्हणून चालवून मग पांढऱ्या पाटीवर (खाजगी नंबरवर) घेतलेली तर नाही ना तेपण बघा, अशा वॅगनआर बऱ्याच असतात. आरसीवर (गाडीच्या नोंदणी कार्डावर) आधीचा वाहन प्रकार आरटीओत विचारला तर कळतो, आणि डॅशबोर्डवर मीटर-जीपीएसच्या स्क्रूची भोकं राहिलेली असतात.

घोडबंदरची_सून

अपडेट. काल सकाळी सातला गेलो, काकांना आधीच सांगितलं होतं सुरू करू नका, त्यांनी केली नव्हती. गाडी लिफ्टवर चढवली. मेकॅनिक म्हणाला पाण्याची नाही, बेल्ट स्वच्छ, रूळ स्वच्छ, स्टेपनीचा खळगा कोरडा. डावीकडचा मागचा दरवाजा बदललाय आणि क्वार्टर पॅनलचा (मागच्या चाकावरच्या पत्र्याचा) पेंट, क्लेमच्या बिलातपण तेवढंच आहे, सोसायटीच्या पिलरला घासली होती. टॅक्सीची भोकंबिकं नाहीत. पारसिकच्या चढावर क्लच जरा वरती पकडतो. चारही टायर गाडीबरोबरचेच, त्यावर 1619 लिहिलंय, म्हणजे 2019 चा सोळावा आठवडा असं मेकॅनिकने सांगितलं. सीट कव्हर काकांच्या सुनेने घेतली म्हणे 😀

आता भाव. किती म्हणू?

वागळे_गॅरेज

टायर सहा वर्षं उलटून गेलेले आहेत, नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं, पावसाळ्याच्या आधी चारही बदला, सतरा-अठरा हजार. क्लच आठ-दहा. पहिली सर्व्हिस, ब्रेक पॅड, बॅटरी कधीची आहे बघून, असे अजून दहा. हे पस्तीस-चाळीस हजार तुम्हाला पहिल्या सहा महिन्यांत घालायचेच आहेत. आणि 31 हजारानंतर लेखी काही नाही, 58 हा आकडा काकांच्या शब्दावर आहे. पेडलचं रबर आणि स्टिअरिंग फार गुळगुळीत नसेल तर मी मानेन, पण त्याचे पैसे पूर्ण देणार नाही. मी असतो तर 3 लाख 60 पासून सुरू करून 3 लाख 80 च्या वर गेलो नसतो.

हिशेबी_माणूस

3 लाख 80 ला माझापण विरोध मागे. रविवारचं गिऱ्हाईक आलं का?

घोडबंदरची_सून

नाही आलं 🙂 3 लाख 65 सांगितले, काका 4 वर आलेत, "बायकोला विचारतो" म्हणाले.

पॉलिसीवाला

मग ठरेल. ठरलं की पैसे सगळे काकांच्या हातात देऊ नका. बँकेकडून कर्ज किती बाकी आहे त्याचं पत्र घ्यायला सांगा, तेवढी रक्कम थेट त्या लोन अकाउंटला भरा आणि उरलेलीच काकांना, तीही बँकेनं. मग बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म 35 (कर्ज फिटल्याचा) येतो, त्यावरच आरसीवरचं कर्ज निघतं, ते निघाल्याशिवाय ट्रान्सफरला हात लावू नका. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तुमच्या समोर घ्या, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटकडे ठेवायची पद्धत आहे ती नको. ट्रान्सफर झाली की 14 दिवसांत इन्शुरन्स नावावर करून घ्या, नाहीतर गाडी तुमची, पॉलिसी काकांची आणि क्लेम कुणाचाच नाही. फास्टॅग काकांना बंद करायला सांगा, तुम्ही नवीन घ्या. आणि चावी दुसरी मागायला विसरू नका, डुप्लिकेट करायला बराच खर्च येतो.