गाडीत स्वतःच्या हातानं काय काय बसवलंत?

खडीसाखर:
काल आमची जुनी अल्टो दिली. ग्लोव्हबॉक्स रिकामा करताना तळाशी चार घड्या घातलेलं वीजबिल निघालं, उलगडलं तर मागच्या कोऱ्या बाजूवर बाबांचं अक्षर. "पिवळी कायम. लाल चावीवर. काळी बॉडीला. पांढरी पुढे डावा, राखाडी पुढे उजवा, हिरवी मागे डावा, जांभळी मागे उजवा. जिच्यावर काळी रेघ ती मायनस. निळी मोकळी ठेव, तोंडाला टेप." तिथेच पार्किंगमधे बसून राहिले मी. गाडी घेणारे काका समोर उभे, त्यांना तरी काय सांगणार.

२०११ ची गोष्ट. गाडी बेस मॉडेल, डॅशबोर्डात स्टिरिओच्या जागी नुसतं झाकण. मला नोकरी लागून सहा महिने झाले होते, मी स्टिरिओ आणि दोन स्पीकर घेऊन आले आणि म्हटलं बाबा लावून द्या. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधे इलेक्ट्रिशियन, त्यांना कितीसा वेळ लागणार होता. पण ते बाजूच्या सीटवर जाऊन बसले नि म्हणाले हात तुझे, मी नुसता बघतो.

पहिलं काम बॉनेट उघडून दहाच्या पान्याने बॅटरीची मायनस सोडवायची. प्लस आधी का नाही, तर प्लस सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर तिथल्या तिथे शॉर्ट. मायनस आधी निघालेली असेल तर पाना कुठे का लागेना. हे मला तीनदा म्हणायला लावलं. मग मीटर लावण्यापुरती परत जोडली, चावी बंद असताना जिच्यात बारा व्होल्ट दिसतात ती स्टिरिओच्या पिवळीला, चावी फिरवल्यावरच जिच्यात येतात ती लालला. उलट झाल्या तर गाडी बंद केली की घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं सगळी पुसली जातात. जोड नुसती पिळून टेप मारू दिली नाही, उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन सुटते म्हणाले. एकेक जोड सोल्डर, वरून स्लीव्ह. सकाळी दहाला बसलो ते दुपारी दोनला उठलो, आई जेवायला हाका मारून दमली. हिरवी जांभळी लागल्याच नाहीत कारण मागे स्पीकर नव्हते, तरी त्यांनी कागदावर लिहून ठेवल्या, पुढे कधी लावशील म्हणून.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. कागद माझ्याकडे आहे पण स्टिरिओ गाडीबरोबर गेला, रात्रभर तेच डोक्यात होतं. तुम्ही कोणी गाडीत स्वतः काही बसवलं असेल तर लिहा ना. नुसती मॅट घातली असेल तरी लिहा.

निशिगंध:
डोळ्यात पाणी आलं गं. फ्रेम करून घे तो कागद. निवांत लिहिते, कुकर लावलाय.

घाटवाट:
मी डॅशकॅम बसवला. पुणे सातारा सारखं येणंजाणं, खंबाटकीत एकदा कोणीतरी आरसा उडवून निघून गेलं तेव्हाच ठरवलं. चार्जर सॉकेटात लावून वायर लोंबकळत ठेवायची नव्हती म्हणून फ्यूजमधून घेतला. स्टिअरिंगच्या खाली फ्यूजबॉक्स, तिथला चावीवर चालणारा एक फ्यूज काढून त्या जागी फ्यूज टॅप, त्यात मूळ फ्यूज आणि कॅमेऱ्याचा छोटा फ्यूज असे दोन्ही. अर्थिंगसाठी जवळचा बोल्ट शोधला तर त्यावर रंग, पॉलिश पेपरने घासला तेव्हा कुठे कॅमेरा लागला. त्याआधी एक तास मी कॅमेराच खराब समजून पेटीत परत भरायला निघालो होतो.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, गाडीला कर्टन एअरबॅग, म्हणजे बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी बॅग, असेल तर काचेच्या बाजूच्या खांबाच्या प्लास्टिकमागे ती घडी घालून बसलेली असते. वायर तिच्या पुढून गेली तर बॅग उघडताना मधे येते. मी झाकण उघडून मागच्या मूळ वायरिंगच्या बाजूने नेली आणि टाय मारले. हे जमत नसेल तर ज्याला जमतं त्याच्याकडून करून घ्या, इथे घाई नको.

आजराघनसाळ:
घाटवाट भाऊ प्लास्टिकची झाकणं कशानं उघडलीत, माझ्या दोन क्लिपा तुटल्या

घाटवाट:
झाकणं उचकटायच्या नायलॉनच्या चपट्या पट्ट्या मिळतात त्यांनी. स्क्रूड्रायव्हर घातला की प्लास्टिकवर वळ उठतोच. आणि सकाळच्या थंडीत करू नका, गाडी थोडा वेळ उन्हात ठेवली की प्लास्टिक नरम येतं. क्लिपा सुट्ट्या मिळतात, पुण्यात असाल तर नाना पेठेत तुटलेली क्लिप दाखवायची, तशीच काढून देतात.

मीठभाकर:
सीट कव्हर. मी आणि नवरा, शनिवारची अख्खी दुपार. ऑनलाइन मागवलेली, पाचही सीटची, इलास्टिक आणि हुक सीटच्या खालून ओढून ओढून बोटं सोलली. ड्रायव्हरची सीट मस्त तंगवून झाली, मग शेजारची घेतली आणि तिच्या कुशीला शिवणीत एक छोटं लेबल दिसलं, एअरबॅग असं लिहिलेलं. आम्हाला माहीतच नव्हतं की साइडची बॅग दारात नाही, सीटच्याच आत असते आणि ती शिवण फाडून बाहेर येते. आमची कव्हरं तिथे जाड रेक्झिनची, अखंड. नवरा म्हणाला एवढं केलंय तर राहू दे, मी म्हटलं मुलगा बसतो त्या बाजूला, काढायचं म्हणजे काढायचं. काढली. पुढच्या दोन सीटना आता नुसता सुती टॉवेल, मागे कव्हरं. सासूबाई विचारतात अर्धीच का घातलीत. घेताना त्या जागी उघडी किंवा उसवणारी शिवण आहे का बघून घ्या, तशी मिळतात.

टपरीचहा:
हे लेबलाचं मला आज कळलं, आत्ता खाली जाऊन बघून आलो. आहे!! आणि वर कव्हरही आहे. संध्याकाळी काढतो

पाऊसवेडी:
आईने नवीन गाडीच्या डॅशबोर्डवर गणपती बसवला होता, डाव्या बाजूला, बरोबर जिथे प्रवाशाची एअरबॅग उघडते त्या झाकणावर. मूर्ती भरीव पितळेची. तिला कसं सांगू कळेना, कारण तिने सोवळ्याने पूजा करून आणलेली. शेवटी तिला शेजारी बसवलं, झाकणाची रेघ दाखवली आणि म्हटलं आई हे उघडलं तर बाप्पा सरळ तुझ्या तोंडावर येईल. ती गप्प बसली, मग म्हणाली मग त्याला मधे बसव, दोघींच्या मधे. आता मधल्या एसीच्या जाळीखालच्या सपाट जागेवर छोटा मातीचा आहे. टेप लावायच्या आधी जागा स्पिरिटने पुसायची, अर्धा मिनिट दाबून धरायचं आणि एक दिवस गाडी उन्हात न्यायची नाही. मी पुसली नव्हती तेव्हा मे महिन्यात दोनदा पडला.

सह्यकडा:
रिव्हर्स कॅमेरा लावला, चांगला लागला, चार महिन्यांनी पावसाळ्यात उंदरानं वायर खाल्ली. डिकीच्या दारापासून आत येणारी जी रबरी नळी असते तिच्यातून वायर ओढायला मला दोन दिवस लागले होते.

निशिगंध:
उंदीर!! आमच्याकडे पण. सोसायटीत चार गाड्यांच्या वायरी. तंबाखूच्या पुड्या बांधून ठेवतात ना लोक, उपयोग होतो का?

सह्यकडा:
मला नाही झाला. डांबरगोळ्या ठेवल्या तर गाडीत बसवेना. आता कॅमेऱ्याच्या वायरीवर नागमोडी नळी चढवलीये आणि दर दोन दिवसांनी गाडी हलवतो, नुसती उभी राहिली की ते संसार थाटतात. आणि रबरी नळीतून वायर काढायला सायकलचा जुना स्पोक घ्या, टोकाला वायर टेपने बांधायची, बाहेरून टाल्कम पावडर लावायची, सरळ निघते. हे मला तिसऱ्या दिवशी एका सायकलवाल्याने सांगितलं.

पावशेर:
माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे, प्रीमियर पद्मिनी. एसी कुठला. १९९४ च्या उन्हाळ्यात त्यांनी डॅशबोर्डवर बारा व्होल्टचा छोटा पंखा बसवला, मी आठ वर्षांचा, टॉर्च धरायला. पत्र्याला हाताच्या ड्रिलने दोन भोकं, वायर फ्यूजपर्यंत. सगळं झाल्यावर त्यांनी पंख्याचं तोंड मागे वळवलं. मी म्हटलं तुम्हाला वारा लागणार नाही, तर म्हणाले मागे बसणारा पैसे देतो, त्याला आधी. रात्री घरी येताना मात्र मी मागे बसायचो आणि वारा मला.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या त्या दिवशी मी त्यांना फोन केला होता. गावी असतात आता. त्यांनी विचारलं पंखा कुठं आहे रे. आहे माझ्याकडे. फिरतो अजून.

खडीसाखर:
पावशेर, हे वाचून खूप बरं वाटलं. पंखा जपून ठेवा.

बर्फातलीमराठी:
आम्ही न्यू जर्सीत. बाळ व्हायच्या आधी चाइल्ड सीट आम्ही दोघांनीच बसवली, मॅन्युअल वाचून, व्हिडिओ बघून, गुडघा रोवून बेल्ट ओढून. मला वाटलं पक्की आहे. मग इथे कार सीट तपासून देणारे प्रशिक्षित लोक असतात, बऱ्याच ठिकाणी फुकट, तिथे घेऊन गेलो. त्या बाईंनी बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवली तर चांगली चार बोटं हलली. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. मी नऊ महिन्यांची, तिथेच रडायला लागले की मी एवढं वाचून चुकीचं केलं. त्या म्हणाल्या अगं म्हणूनच तर आलीस. परत आमच्याकडूनच करून घेतलं. आणि पाठमोरी सीट पुढच्या सीटवर, समोर एअरबॅग चालू असताना, कधीच नाही. भारतात भाच्यासाठी दादाने सीट घेतली तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर त्याला अर्धा तास ती हलवून दाखवायला लावली.

लालडबा:
कोणाला ती बेल्टच्या खाचेत घालायची क्लिप कुठे मिळते माहितीये का, बीप बंद होते ती. ऑनलाइन दिसत नाहीये आता

मीठभाकर:
दिसणार नाही, २०२३ मधे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढायला लावल्या. भाऊ नका लावू हो. बेल्ट नसेल तर समोरून एवढ्या जोरात येणारी बॅगच लागते माणसाला. बीप नको असेल तर बेल्ट लावा, दोन सेकंदांचं काम आहे.

लालडबा:
बायकोही हेच म्हणते. बरं

आजराघनसाळ:
मॅटचं कोणी लिहिलं नाही. ताई तुम्ही म्हणालात मॅट पण चालेल. मी मूळ मॅट न काढता तिच्यावरच ती कडा उचललेली जाड रेक्झिनची मॅट टाकली होती. आंबोली घाटात उतरताना खालची सरकली, वरची ॲक्सिलरेटरच्या मागे गेली, पाय उचलला तरी पेडल खालीच. बायको आणि दोन मुलं गाडीत. क्लच दाबला, ब्रेक मारला, बाजूला घेतली. नंतर दहा मिनिटं हात थरथरत होते, मुलांना सांगितलं माकडं बघायला थांबलोय. २००९ साली अमेरिकेत टोयोटाने मॅट पेडलमधे अडकते म्हणून सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला होता, ते मी पेपरात वाचलेलं होतं, तरी मॅटवर मॅट टाकली. एकच मॅट, आणि ड्रायव्हरच्या बाजूला फरशीवर हूक असतात त्यात अडकवलेली. बस.

निशिगंध:
बापरे. क्लच सुचला हे किती मोठं.

टपरीचहा:
काळी फिल्म स्वतः लावलीये का कोणी? उन्हानं जीव जातो नागपुरात

घाटवाट:
नका लावू, २०१२ पासून सुप्रीम कोर्टाची बंदी, पोलीस तिथेच ओरबाडून काढतात. त्यानंतर नियम थोडे बदलले म्हणतात, पण काचेतून पुढे मागे ७० टक्के आणि बाजूने ५० टक्के उजेड जायलाच हवा. गाडी उभी असताना समोरच्या काचेला चंदेरी पत्रा लावा, स्टिअरिंगला हात तरी लावता येतो.

सह्यकडा:
खडीसाखर, एक सुचवू का. गाडी कालच गेलीये ना. त्या काकांना फोन करून स्टिरिओ परत मागा की. बदल्यात दुसरा द्या.

निशिगंध:
होऽ कर फोन!

खडीसाखर:
केला. खूप धीर करून केला. काका म्हणाले मला तर त्यातलं काही चालवताही येत नाही पोरी, रविवारी ये आणि तूच काढ, मेकॅनिकला नाही मी हात लावू देणार. मी त्यांना नवीन घेऊन जाणार आहे, तो तरी तिथे त्याच वायरींवर लागेल. बाबांच्या जोडांना कात्री लावायची नाही, नव्याची पिनच तिथे बसेल असा कपलर शोधतेय.

सह्यकडा:
जुन्या स्टिरिओच्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंना बारीक फट असते, त्यात दोन पत्र्याच्या चपट्या चाव्या आत सरकवायच्या, टक वाजलं की मगच ओढायचा. नुसता ओढला तर चौकट वाकते. चाव्या नव्याच्या खोक्यात मिळतील, कंपनी वेगळी असेल तर मापं बघून घ्या.

खडीसाखर:
जुन्या खोक्यातल्या आहेत! बाबांनी पान्यांच्या डब्यात ठेवलेल्या. दहाचा पानाही त्याच डब्यात आहे.

पावशेर:
निघायच्या आधी आत एखादी सीडी राहिलीये का बघा ताई.