पहिल्या पिढीचे स्मार्टफोन आणि म्युझिक प्लेअर खरंच भरवशाचे होते का?

नवी पेठेतला कारागीर

दुकानात गिऱ्हाईक फोन काउंटरवर ठेवतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पूर्वीचे फोन असे नव्हते हो, आपटले तरी चालायचे." मी हे ऐकून गप्प बसत नाही, कारण ते खरं नाही. आपटून चालायचा तो नोकिया ११००. २००३ साली आला आणि जगभर पंचवीस कोटींवर खपला. धूळ शिरू नये असा अखंड रबरी कीपॅड, वर टॉर्च, काळापांढरा छोटा डिस्प्ले. कॅमेरा नाही, मेमरी कार्ड नाही. बिघडायला त्यात होतं काय? तो स्मार्टफोन नव्हताच, पण त्याचं कौतुक आपण उचलून पहिल्या स्मार्टफोनच्या गळ्यात घालतो.

माझं म्हणणं सरळ आहे. कुठल्याही जातीच्या यंत्राची पहिली पिढी म्हणजे गिऱ्हाईकाच्या पैशाने केलेली चाचणी. पहिला स्मार्टफोन मानला जाणारा आयबीएमचा सायमन बघा. १९९४ चा, अर्धा किलो वजनाचा, आणि बॅटरी तासाभरात आडवी. २००३ चा नोकिया ६६०० आपल्याकडे किती मिरवला लोकांनी! पण तो अडकला की मागचं झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, परत घालायची. पुढच्याच वर्षी अशा सिम्बियन प्रणालीवर चालणाऱ्या फोनमध्ये ब्लूटूथवरून पसरणारा कॅबिर नावाचा व्हायरस आला. तो शेजारचे फोन शोधत बसायचा आणि बॅटरी पिऊन टाकायचा.

२००७ चा पहिला आयफोन भारतात अधिकृतपणे विकलाच गेला नाही. जे आले ते अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगेतून. त्याची बॅटरी थेट बोर्डाला सोल्डर केलेली. हेडफोनचं भोक इतकं खोल की बाजारातला साधा जॅक आत बसायचा नाही. आणि चालवायचं तापमान कंपनीनेच ० ते ३५ अंश लिहिलेलं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो. म्हणजे आपला अख्खा उन्हाळा कंपनीच्या हिशोबाबाहेर.

आयपॉडचं तर मी पोटच उघडून बघितलंय. २००१ च्या पहिल्या मॉडेलमध्ये ५ जीबीची १.८ इंची हार्ड डिस्क, म्हणजे खिशात फिरणारी तबकडी! कानाला लावा, गाणं सुरू होताना बारीक घुर्र ऐकू येईल, मग शांत. डिस्क तेवढ्यात पुढची गाणी ३२ एमबीच्या मेमरीत भरून थांबलेली असते, म्हणून चालताना धक्का बसला तरी गाणं तुटत नाही. रचना फार हुशारीची, मी तिला मानतो. पण डिस्क थकली की आवाज बदलतो. टिक, टिक, थांबते, पुन्हा टिक. ती टिकटिक ऐकली की कारागिराने हात टेकायचे. त्या पहिल्या आयपॉडचं चाकसुद्धा खरोखर फिरायचं. जिथं काही फिरतं तिथं फट, आणि फट म्हणजे धुळीला वाट. दुसऱ्या वर्षी कंपनीने ते काढून बोट फिरवायचं चाक आणलं.

बॅटरी टिकत नाही म्हणून तिकडे अमेरिकेत लोक कोर्टात गेले. २००५ मध्ये तडजोड झाली आणि आयपॉडच्या पहिल्या तीन पिढ्यांच्या मालकांना भरपाई मिळाली. सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकलेला पहिला आयपॉड नॅनो तर बॅटरी तापते म्हणून नोव्हेंबर २०११ मध्ये परत मागवला. ज्याला हे भरवशाचं वाटतं त्यानं कारण सांगावं.

चाटी गल्ली

अण्णा, तुम्ही गाण्याची गोष्ट आयपॉडपासून सुरू केली तिथंच गडबड आहे. खिशातल्या गाण्याची पहिली पिढी म्हणजे वॉकमन. सोनीचा टीपीएस-एल२ जुलै १९७९ मध्ये आला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. आपल्याकडे पोचले ते बहुतेक त्याच्या नकला, पण आतलं यंत्र तेच.

आमचा यंत्रमागाचा कारखाना पूर्व भागात. चादरीचं सूत सुटतं तेव्हा हवेत नुसते तंतू असतात, कपड्यावर, भुवयांवर, सगळीकडे बसतात. त्या हवेत, मागांच्या खडखडाटात, रात्रपाळीची पोरं कमरेला वॉकमन अडकवून तेलुगू गाणी ऐकायची. तंतू आत जायचेच. टेप दाबून धरणारं रबरी चाक असतं ना, त्याच्याभोवती सुताचा वेढा बसायचा. गाणं जड व्हायचं, गाणाऱ्याचा आवाज घोगरा व्हायचा. मग झाकण उघडायचं, चिमट्याने वेढा काढायचा, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड आणि ते चाक पुसायचं. आवाज परत मूळ जागी. हे काम आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, मागाशेजारी उभ्या-उभ्या करायचा, त्याला कुठल्या कंपनीचं प्रशिक्षण नव्हतं.

तुम्ही "बिघडत होतं का" एवढंच विचारताय. मी विचारतो, बिघडल्यावर काय होत होतं? ज्या यंत्राचा बिघाड डोळ्यांना दिसतो आणि हातांनी निघतो, त्याच्यावर मी विसंबून राहू शकतो. आताचा इअरबड एका कानाने बंद पडला तर तुमच्यासारखा जाणता माणूससुद्धा "नवा घ्या" म्हणतो. यात तुमचा दोष नाही. तो उघडायला बनवलेलाच नाही.

नवी पेठेतला कारागीर

मालक, जॉबरचं कौशल्य मान्य. पण रोज चिमटा घेऊन बसावं लागतं त्या यंत्राला भरवशाचं म्हणायचं? आणि तोच वॉकमन चार-पाच वर्षं कपाटात ठेवून बघा. आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा काळा चिकटा होतो, पुलीवरून खरवडून काढावा लागतो. दुरुस्त होणं वेगळं आणि न बिघडणं वेगळं. तुम्ही दोन्हींची सरमिसळ करताय.

जुळे सोलापूर, मास्तर

मी अभियांत्रिकीला शिकवतो. इथं दोघांचंही थोडं चुकतंय असं वाटतं.

जुना वॉकमन किंवा जुना आयपॉड आज चालताना दिसतो तेव्हा आपण वाचलेल्यांना बघत असतो. जे मेले ते भंगारवाल्याकडे गेले, ते "आम्हीही होतो" म्हणून सांगायला येत नाहीत. त्यामुळे "माझा अजून चालतो" हा पुरावा फार कच्चा. चाटी गल्लीकरांना एवढंच.

कारागीर अण्णांना मात्र मी जास्त विरोध करीन. बिघाडाचं मूळ पिढीत आहे हा त्यांचा मुद्दा टिकत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी बॅटरीबद्दल जाहीर इशारा दिला. ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये एका पुरवठादाराने बनवलेल्या. चार्जिंगला असताना तापण्याचा धोका होता. आठवत असेल, लोक बॅटरी काढून तिच्यावरचे आकडे तपासत होते. ती काही पहिल्या पिढीची वस्तू नव्हती, घरोघरी रुळलेली होती. तसंच सॅमसंगचा नोट ७. नोट मालिका सुरू झाली २०११ मध्ये, आणि २०१६ चा फोन पेट घेऊ लागला म्हणून कंपनीला तो कायमचा बंद करावा लागला. एवढ्या वर्षांचा अनुभव गाठीशी असूनही! दोन्हीकडे दोषी कोण? बॅटरी. अण्णांनी सांगितलेला नॅनोसुद्धा बॅटरीमुळेच परत गेला.

लिथियम बॅटरी लवकर झिजते ती दोन गोष्टींनी, उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली अवस्था. आणि हे नियम कुठल्याही पिढीला सारखेच. आपल्या गावात पत्र्याच्या शेडखाली खिडकीशी चार्जिंगला लावलेला कालचा नवा फोनही त्याच वाटेने जातो.

हुतात्मा एक्स्प्रेसचा प्रवासी

सोलापूर-पुणे नेहमीचं जाणं-येणं, त्यामुळे गाण्याच्या यंत्राशिवाय माझं भागत नाही. मास्तर, तुम्ही सगळं बॅटरीवर आणून ठेवलंत, पण बॅटरी ठणठणीत असून मेलेल्या यंत्रांचं काय?

अँड्रॉइडचा पहिला फोन एचटीसी ड्रीम, २००८ चा. त्याची बॅटरी नखाने निघायची, बदलायला अडचण काहीच नाही. पण कंपनीने त्याला १.६ आवृत्तीवर सोडून दिलं. २७ सप्टेंबर २०२१ पासून गूगलने २.३.७ आणि त्याआधीच्या सगळ्या अँड्रॉइडवर खात्यात शिरणं बंद केलं. ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ ला स्वतःच्या जुन्या फोनच्या सेवा बंद केल्या. आदल्या दिवशी चालणारा फोन दुसऱ्या दिवशी वीटच झाला म्हणा. ना पडला, ना भिजला, ना तापला. रिलायन्सचे सीडीएमए हँडसेट आठवा, फक्त त्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालणारे, ५०१ रुपयांत हातात आलेले. नेटवर्क गेलं आणि घराघरातले धडधाकट फोन एका झटक्यात निकामी.

याउलट आयपॉड. कंपनीने मे २०२२ मध्ये शेवटचं मॉडेलसुद्धा थांबवलं, पण माझ्या काकांकडचा जुना आयपॉड अजून वाजतो, कारण वाजायला त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही. खातं नाही, नेट नाही, "हे गाणं आता उपलब्ध नाही" नाही. कुर्डुवाडीच्या पुढं रेंज जाते तेव्हा डब्यातल्या सगळ्यांची ऑनलाइन गाणी थांबतात, त्याचं थांबत नाही. अण्णा, तुमच्या हिशोबात हे कुठं बसतं? मला तर या बाबतीत पहिली पिढीच जास्त भरवशाची वाटते, आणि हे मी जुन्याच्या मोहात पडून म्हणत नाही.

नवी पेठेतला कारागीर

प्रवासी भाऊ, तुमचा मुद्दा मला पटतो आणि रागही येतो. राग कंपन्यांचा. पण बघा, ज्यांना वाऱ्यावर सोडलं ते जास्त करून पहिल्या पिढीचेच निघतात. ड्रीमला १.६ वर का सोडलं? ॲप ठेवायला त्यात जेमतेम ७० एमबी जागा होती, पुढचं काही मावेना. पहिल्या पिढीत पुढच्यासाठी राखीव काही नसतं, तेव्हा किती लागणार हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलो आपण.

मास्तर, बॅटरीचं तुम्ही शंभर टक्के बरोबर सांगितलंत. पण सॅमसंगचा २०१९ चा पहिला घडी पडणारा फोन, गॅलेक्सी फोल्ड? दीड लाखाच्या वरचा फोन. बाजारात यायच्या आधीच परीक्षणाला दिलेले नग बिघडले. स्क्रीनवरचा पातळ पापुद्रा लोकांनी संरक्षक कागद समजून सोलून काढला. विक्री एप्रिलमधून सप्टेंबरवर गेली. तिथं बॅटरीचा काय संबंध? पहिलटपणाचा आहे.

अक्कलकोट रोड

तुम्ही सगळे असं बोलताय की या वस्तू आपण शोरूममधून नव्या कोऱ्या घेतल्या होत्या. सोलापुरात पहिल्या पिढीचं नवं किती जणांनी घेतलं? पहिला आयफोन अण्णांनीच सांगितलं तसा पाहुण्यांच्या बॅगेतून आला. स्मार्टफोन मुंबई-पुण्यात कुणीतरी वापरून सोडलेले, मग सेकंडहँडच्या दुकानातून आपल्याकडे. बिल नाही, गॅरंटी नाही, बॅटरी अर्धी झिजलेली. तिसऱ्या मालकाच्या हातात यंत्र कसं वागतं, यावर आपली मतं बनलेली आहेत. कंपनी ज्याला भरवसा म्हणते त्याचा अनुभव आपल्याला आलाच नाही. आपल्याला आला तो कारागिराचा. दुकानदार म्हणायचा, "ताई, चालला नाही तर घेऊन या," आणि खरंच बघून द्यायचा. त्या शब्दावर फोन घेतले जायचे.

म्हणून मला अण्णांच्या मुद्द्याचं नवल वाटतं. तो फोन टिकवून धरण्यात तुमच्यासारख्यांचाच मोठा वाटा होता, आणि तुम्हीच त्याला नावं ठेवताय. आता पुढं बघा. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता येईल अशी ठेवावी लागणार आहे. २००३ च्या फोनमध्ये जे सहज होतं ते आता कायद्याने परत आणावं लागतंय. यात पहिली पिढी हरली असं मी तरी म्हणणार नाही.

एक कामाचं विचारते. कपाटात एक जुना टचचा फोन सापडला, त्याचा डिस्प्ले एका कडेने वर आलाय. त्यात वडिलांचे फोटो आहेत. चार्जिंगला लावून बघू का?

नवी पेठेतला कारागीर

ताई, अजिबात लावू नका. डिस्प्ले आपोआप उचलला म्हणजे आत बॅटरी फुगली आहे. डिस्प्ले परत बसवायला वरून दाबू नका, सुई-टाचणी लावू नका, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. तसाच सपाट डब्यात घालून जाणत्याकडे न्या. तो प्लास्टिकच्या पट्टीने बॅटरी सोडवेल, धातूची लावली तर ठिणगीची भीती. मग दुसरी बॅटरी किंवा बाहेरचा सप्लाय जोडून फोन उठवता येतो. बोर्ड शाबूत असेल तर फोटो मिळण्याची आशा चांगली आहे. आणि ज्यांना जुना फोन जपून ठेवायचा आहे त्यांनी साधारण निम्मा चार्ज करून, बंद करून, घरातल्या गार जागी ठेवावा. पूर्ण भरून नको आणि पूर्ण रिकामाही नको.

नावं ठेवतो ते यंत्रावर जीव आहे म्हणून. पण भरवसा कारागिराचा होता असं तुम्हीच म्हणालात, म्हणजे यंत्राचा नव्हता ना?

चाटी गल्ली

हे बघा, एवढे सोपस्कार! वॉकमनला यातलं काही लागत नाही. सेल काढायचे, रुमालात गुंडाळायचा, ठेवून द्यायचा.

नवी पेठेतला कारागीर

मालक, सेल खरंच काढलेत का तेवढं आज घरी जाऊन बघा. आत राहिला असेल तर तो गळून स्प्रिंग खाऊन टाकतो. हिरवट पांढरी पावडर दिसली तर ब्रशला थोडं लिंबू किंवा व्हिनेगर लावून पुसा, कोरडं करा आणि मग घेऊन या. बेल्ट मी टाकून देतो.