'स्मूथ' हे गाणे सांतानाचे म्हणावे का?

सूरशोधक:
वूडस्टॉक या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवाच्या मंचावर नाव झाल्यानंतर तब्बल ३० वर्षांनी, म्हणजे १९९९ साली, सांताना या बँडचे 'स्मूथ' अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत १२ आठवडे अव्वल राहिले. त्याआधी त्यांचे एकही गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले नव्हते. माझ्या मते हे यश बँडचे कमी आणि अरिस्टा या ध्वनिमुद्रण कंपनीच्या क्लाइव्ह डेव्हिस यांच्या आखणीचे अधिक. गाणे लिहिले इताल शूर आणि रॉब थॉमस यांनी, गायलेही थॉमस यांनीच. सर्वोत्कृष्ट गीताचा ग्रॅमी गीतकारांचा असल्यामुळे तोही या दोघांकडे गेला. त्याच वर्षी गायक रिकी मार्टिन यांनी लॅटिन पॉपची लाट उसळवली होती. बँडचे गिटारवादक कार्लोस सांताना तेव्हा ५२ वर्षांचे होते. वारा पाहून शीड उभारले गेले, इतकेच.

ठेका:
परक्याचे गीत हा दोष मानायचा, तर बँडच्या १९७० च्या 'अब्राक्सस' या अल्बमचे काय करणार? 'ब्लॅक मॅजिक वुमन' पीटर ग्रीन यांचे आणि 'ओये कोमो वा' टिटो प्वेन्ते यांचे. शिवाय 'ओये कोमो वा' आणि 'स्मूथ' या दोन्हींचा पाया एकच, चा-चा-चा. हा ठेका १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हवानात एन्रिके होरिन यांनी रुजवला. प्वेन्ते यांनी तो न्यूयॉर्कमध्ये वाजवला आणि मेक्सिकोत जन्मलेल्या, मारियाची (मेक्सिकन लोकसंगीत) वाजवणाऱ्या व्हायोलिनवादकाच्या या मुलाने, म्हणजे कार्लोस यांनी, सॅन फ्रान्सिस्कोत त्याला विजेची गिटार जोडली. लाट येण्याच्या कितीतरी आधीपासून हा माणूस त्याच पाण्यात होता. कॉन्गा आणि तिंबालेस ही लॅटिन तालवाद्ये 'स्मूथ'मध्येही तसेच बोलतात.

सूरशोधक:
गीतकारांचा मुद्दा मी मागे घेतो. तो कच्चाच होता. पण ठेका तोच असला तरी त्यावर बसणारा बदलला आहे. वूडस्टॉकचे 'सोल सॅक्रिफाइस' आठवा: त्यात शब्दच नाहीत, तालवाद्ये आणि गिटार एकमेकांना पेटवत जातात. 'स्मूथ'मध्ये थॉमस एक ओळ गातात आणि गिटार त्या ओळीमागची मोकळी जागा भरते. ही संगत झाली. ज्याच्या नावाची मैफल, तोच साथीला बसला.

जुनी तबकडी:
संगतीला इतके खाली का बसवता? गायकाने सोडलेली जागा सारंगीवाला ज्या नजाकतीने उचलतो, ती प्रत्येकाला साधत नाही. पहिल्या काही सुरांत वादक ओळखू येतो, हे मला तरी पुरेसे वाटते. ('स्मूथ'च्याच अल्बममधल्या 'मारिया मारिया'विषयी तुम्ही असे म्हणाला असतात, तर मी मुकाट्याने मान डोलावली असती.)

ठेका:
आणि संगतच म्हणायची, तर 'स्मूथ'चे अल्बमवरचे जवळजवळ पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण ऐका, रेडिओसाठी छोटे केलेले नव्हे. शेवटाकडे गिटार थॉमस यांच्या आवाजाची वाट पाहत नाही.

सूरशोधक:
आत्ताच पुन्हा ऐकले. खरे आहे, तिथे गिटार सुटते. आणि नेमका तिथूनच आवाज हळूहळू विरवत नेला आहे.