मातृदिनाचं फूल आणि मंडळीतली एकटी माणसं

नगरची_शिक्षिका

सर्वांना सलाम. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मातृदिनाची उपासना असते. आशीर्वादाच्या आधी पाळकसाहेब सगळ्या मातांना उभं राहायला सांगतात आणि शब्बाथ शाळेची (रविवारच्या धर्मवर्गाची) मुलं बादलीतले गुलाब घेऊन बाकांमधून फिरतात. यंदा माझ्याच वर्गातली सात वर्षांची मुलगी फूल घेऊन माझ्यापाशी आली. हात पुढे केला, मी बसलेली आहे हे पाहिलं, आणि फूल छातीशी धरून मागच्या बाकाकडे गेली. तिचं काही चुकलं नाही, तिला तसंच सांगितलं होतं. मी ४४ वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही, आणि त्या वर्गाला १९ वर्षं शिकवते आहे.

फुलासाठी भांडत नाहीये. पण आपल्या मंडळ्यांनी लग्न आणि मूल हेच ख्रिस्ती आयुष्याचं माप करून ठेवलंय, आणि हे माप शास्त्रातलं नाही. प्रेषित पौल अविवाहित होता. फिलिप्पाच्या चार अविवाहित मुली संदेश देत असत, हे प्रेषितांच्या कृत्यांत २१व्या अध्यायात आहे. यशयाच्या ५६व्या अध्यायात देव षंढाला सांगतो की स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नकोस, माझ्या घरात तुला मुलामुलींपेक्षा चांगलं नाव देईन. प्रेषितांच्या कृत्यांतला तो षंढ कूशी अधिकारी रथात बसून यशयाचाच ५३वा अध्याय वाचत होता. त्याच्यासाठीचं वचन तीनच अध्याय पुढे होतं, याचा मला फार आधार वाटतो.

नगरच्या मंडळ्यांना तर हे सांगावं लागू नये. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईत उतरल्या तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या, अविवाहित. १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. सगळं आयुष्य मुलींच्या शाळांत गेलं. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रांत त्यांचं नाव येतं. केडगावला पंडिता रमाबाईंनी एकटीने निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन ही संस्था उभी केली. या बायकांच्या शाळांत आपल्या पणज्या अक्षर शिकल्या, आणि आपण आज एकट्या बाईला विचारतो, "मग तुमचं कसं काय चाललंय?"

जुना_डिकन

सलाम ताई. फुलाचं वाचून वाईट वाटलं. पण मुद्दा मला पटलेला नाही, आणि खोटं गोड बोलणार नाही.

'मनुष्य एकटा असावा हे बरे नाही' हे देवाचं वाक्य आहे, आणि पाप जगात येण्याच्या आधीचं. पौलाचंही नीट वाचा. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७व्या अध्यायात तो 'सध्याच्या अडचणीमुळे' असं म्हणून सल्ला देतो. रमाबाईंना एकट्यांत धरू नका. त्यांचं लग्न झालं होतं, १८८२ मध्ये वैधव्य आलं, आणि मुलगी मनोरमा कामात त्यांच्या बरोबरीने होती. फॅरारबाईंच्या मागे अमेरिकेतलं अख्खं मिशन बोर्ड होतं. खर्चाची सोय, राहायला जागा, सोबतीला माणसं. आपल्या मंडळीतल्या एकट्या बाईला यातलं काय आहे?

समाज लहान आहे. मुली शिकून पुढे गेल्या, त्यांच्या जोडीचे मुलगे समाजात सापडत नाहीत. स्थळं बघायला मंडळीने मदत करायची सोडून एकटेपणाला कृपादान म्हटलं की आम्ही वडील मंडळी हात झटकून मोकळे. मला तेच नको आहे.

नगरची_शिक्षिका

काका, रमाबाईंबद्दल तुमचं बरोबर, मी घाईत लिहिलं. पण मनोरमा १९२१च्या जुलैत गेली आणि रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये. मधले आठ-नऊ महिने त्या मुलगी गेलेली आई होत्या, आणि मुक्तीतल्या मुलींच्या आईच होत्या. आणि त्याच ७व्या अध्यायात ७व्या वचनात पौल म्हणतो, प्रत्येकाला आपापलं कृपादान, एकाला एक तर दुसऱ्याला दुसरं. म्हणजे लग्नही कृपादानच. मग एकाला व्यासपीठ आणि दुसऱ्याला स्थळं, असं का?

ओटी_रिकामी

तुम्ही दोघं मोठ्या बायकांबद्दल बोलताय. मी मोठी नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, आठ वर्षं उपचार केले, मग थांबलो.

महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत एकदा मला मध्ये बसवलं आणि पाच-सहा जणींनी माझ्या पोटावर हात ठेवून प्रार्थना केली. एकीच्या हाताला कांद्याचा वास होता, स्वयंपाक टाकून धावत आली होती बिचारी. बायबलमधल्या मूल नसलेल्या हन्नाची प्रार्थना देवाने ऐकली, तुझीही ऐकेल, म्हणाल्या. मी दर महिन्याला हन्ना होत राहिले. कुणी हे नाही सांगितलं की हन्नाच्या गोष्टीत तिच्या रडण्यालाही जागा आहे आणि तिला दारुडी समजणारा माणूस याजक होता.

आता थांबल्यावर नवं सुरू झालंय. "देवाने तुला सेवेसाठी मोकळं ठेवलंय." ताई, राग मानू नका, तुमच्या लिहिण्यातही मला हेच ऐकू येतं. नाताळचं नाटक कुणी बसवायचं? हिने, हिला मूल नाही. प्रीतिभोजनाची भांडी? हिने. मी मोकळी नाहीये. मी दुःखात आहे. माझ्या आयुष्याला अर्थ आहे तो काही उभं केल्यावरच मिळणार असेल, तर मी पुन्हा नापासच.

नगरची_शिक्षिका

बाई, हे वाचून दिवसभर काही लिहिता आलं नाही. तुम्ही बरोबर आहात. फॅरारबाईंचं नाव मी ढालीसारखं पुढे केलं. मीही काहीतरी केलंय, मला मोजा, असं मला म्हणायचं होतं. एकोणीस वर्षं शिकवते हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, ते त्यासाठीच.

वसईकर

आमच्या कॅथलिकांत फादर आहेत, सिस्टर आहेत, त्यामुळे एकटं राहणं खालचं मानत नाहीत, असं तुम्हाला वाटत असेल. ते वस्त्र घातलेल्यांसाठी. पाचारणासाठी, म्हणजे देवाच्या बोलावण्यासाठी, दर वर्षी प्रार्थना होते, त्यात दोनच वाटा असतात, संसार किंवा मठ. मी ५१ वर्षांचा आहे. आईबाबांना शेवटपर्यंत सांभाळलं, वाडी सांभाळतो, मिस्सा चुकवत नाही. माझ्या वाटेला नाव नाही. डिकनकाकांचं एक मला पटतं. फॅरारबाईंकडे बोर्ड होतं, सिस्टरकडे मठ आहे. एकट्या माणसाला अर्थ एकट्याने शोधता येत नाही. मला ताप आला तर पेज कोण देणार, हा माझ्यासाठी धर्माचाच प्रश्न आहे.

पुण्याचा_वकील

चर्चा थोडी जमिनीवर आणतो, कारण ही माणसं माझ्याकडे उशिरा येतात. ख्रिस्ती माणसाला १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मूलबाळ नसलेला नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि त्याचे रक्ताचे नातेवाईक हयात असले, तर विधवेला निम्मीच मालमत्ता मिळते. उरलेली निम्मी दिराकडे, पुतण्यांकडे जाऊ शकते. आपल्याला मूल नाही हे बोलायचीच लाज, म्हणून मृत्युपत्र होत नाही. दत्तकाचंही तसंच. पूर्वी ख्रिस्ती जोडप्याला १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं. आता बालन्याय कायद्याने धर्म कुठलाही असो, रीतसर दत्तक घेता येतं. एकट्या बाईलाही येतं. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक घेता येत नाही. मंडळीत हे कुणी सांगत नाही.

ओटी_रिकामी

दत्तकाचं आम्हाला माहीत आहे, आम्ही विचार करून नको म्हटलं. हेही मंडळीला पटत नाही. मृत्युपत्राचं मात्र आज रात्री यांच्याशी बोलते.

जुना_डिकन

सगळ्यांचं दोनदा वाचलं. लग्न हा देवाचा सर्वसाधारण क्रम आहे, यावर मी ठाम आहे. स्थळं बघण्यात मी मदत करतच राहणार. पण पोटावर हात ठेवल्याचं वाचून मला आमच्या हिची धाकटी बहीण आठवली. तिच्या बाबतीत मीच ती प्रार्थना सांगितली होती. तिला कधी विचारलं नाही की तुला चालेल का.

आणखी एक. ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्तानात जातो, तेव्हा ज्यांच्या घरचं कुणी असतं त्या कबरींना चुना लागलेला असतो, फुलं असतात. भिंतीकडेला दोन बायबल बायांच्या कबरी आहेत. गावोगाव पायी जाऊन वचन सांगायच्या, माझ्या आजीला त्यांनीच वाचायला शिकवलं. दोघींना मूल नव्हतं. पाट्यांवरची अक्षरं पुसली आहेत. त्यांची नावं मला माहीत नाहीत, आणि वीस वर्षं मी वडील मंडळात आहे. पाळकसाहेबांना विचारून जुनं दफनाचं रजिस्टर काढतो. मोडी असेल तर मला वाचता येणार नाही.

नगरची_शिक्षिका

मला येते मोडी, काका. शनिवारी शाळा साडेअकराला सुटते. बारापर्यंत पोहोचते.