एलसॅटचा क्लास बदलतोय: उरलेल्या प्रॅक्टिस टेस्टचं काय करायचं?

प्रेषक: वैशाली (एडिसन)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलमध्ये हे घुसडायला नको म्हणून वेगळं लिहितेय. माझी मुलगी मुक्ता नोव्हेंबरच्या एलसॅटला, म्हणजे इथल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला बसणार आहे. आधीच्या क्लासमध्ये दर शनिवारी एक पूर्ण पेपर असायचा, की लगेच पुढच्या शनिवारी दुसरा. चुकांवर कोणी फारसं बसायचं नाही. गुण अडकले, म्हणून आता ऑनलाइन क्लास लावतोय. तिथे पहिल्याच आठवड्यात एक पूर्ण टेस्ट देऊन या म्हणतात, आणि ही म्हणते, "आई, टेस्ट जपून वापरायला हव्यात." एवढी फी भरून नवे पेपर मिळत नाहीत? आणि कोणाकडे तयारीची जुनी पुस्तकं पडून असतील तर घ्यायला आवडतील.

प्रेषक: ओंकार (जर्सी सिटी)

वैशाली मावशी, मुक्ता बरोबर म्हणतेय. क्लास कुठलाही लावा, खरे, म्हणजे आधीच्या परीक्षांचे पेपर एकाच विहिरीतले. ते परीक्षा घेणाऱ्या एलसॅक या संस्थेचे, आणि क्लासवाले परवाना घेऊन तेच वापरतात. म्हणून तर लॉहबचं, म्हणजे एलसॅकच्या सरावाच्या साइटचं, सबस्क्रिप्शन वेगळं भरावं लागतं. ते क्लास बदलल्यावरही चालू राहतं, पुन्हा भरू नका.

ऑगस्ट 2024 मध्ये परीक्षेतून लॉजिक गेम्स, म्हणजे कोड्यांचा सेक्शन, गेले. त्या वेळी जुन्याच पेपरांतून गेम्स काढून त्यांना 101 ते 158 असे नवे क्रमांक दिले. म्हणजे सगळे मिळून 58. ऐकायला भरपूर वाटतात, पण दर शनिवारी एक आणि आठवडाभर त्यातलेच प्रश्न सरावाला, अशाने साठा भराभर उतरतो.

माझ्या मते नव्या क्लासला हात लावण्याआधी मुक्ताने एक तक्ता करावा: कुठला पेपर पूर्ण दिला, कुठल्याचा एखादाच सेक्शन झाला, कुठला अजून कोरा आहे. लॉहबवर दिलेल्या टेस्ट तिथे दिसतील. पण क्लासच्या स्वतःच्या साइटवर सोडवलेले सुटे प्रश्न लॉहबला ठाऊक नसतात, आणि जुनं खातं बंद झालं की ती नोंदही गेली. म्हणून खातं चालू आहे तोवर उतरवून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण नव्या क्लासचं सॉफ्टवेअर मुक्ताने काय पाहिलंय हे न विचारता प्रश्न वाढत सुटतं.

मग क्रमांक मोठे असलेले, म्हणजे साधारण अलीकडचे, सात-आठ पेपर बाजूला काढायचे. ते फक्त घड्याळ लावून, एका बैठकीत द्यायचे. क्लासच्या सेटिंगमध्ये ते पेपर सरावातून वगळता येतात का बघा. येत नसतील तर सरांना स्पष्ट सांगा. पहिल्या आठवड्याची टेस्ट मी तर देणारच नाही. मागच्या महिन्यात दिलेल्या पेपराचे निकाल सरांना दाखवले तरी त्यांना हवं ते कळतं.

प्रेषक: श्रीकांत (प्रिन्स्टन)

माझा पुतण्या पुण्यात क्लॅटला, म्हणजे भारतातल्या लॉच्या प्रवेशपरीक्षेला बसला होता. क्लासने मॉकचा नुसता पाऊस पाडला होता. इथे खरे पेपर संपले तर क्लासवाल्यांनी बनवलेले द्यावेत, त्यात एवढं काय?

प्रेषक: ओंकार (जर्सी सिटी)

श्रीकांत काका, क्लॅटला ते चालून जातं. दोन तासांत 120 प्रश्न, चुकलं की पाव गुण कापला जाणार, त्यात चालू घडामोडी आणि सामान्य ज्ञान. तिथे वेगाची सवय लागणं मोठी गोष्ट असते. एलसॅटला चुकलं तरी गुण कापत नाहीत आणि माहिती काहीच विचारत नाहीत. सगळं पाच पर्यायांच्या शब्दरचनेत असतं. 'काही' लिहिलंय की 'बहुतेक', एवढ्यावर उत्तर फिरतं. क्लासने बनवलेल्या प्रश्नांत दोन पर्याय बरोबर वाटतात तेव्हा चूक तुमची की प्रश्नाची हे कळत नाही, आणि मग त्या चुकीतून शिकणार काय? एखादी युक्ती नुकतीच शिकलात, तर हात बसवायला ते ठीक.

एक गोष्ट आधी राहिली. जास्त जपायला हवेत ते रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचे उतारे. गुण मोजले जाणारे तीन सेक्शन, त्यात लॉजिकल रीझनिंग दोन आणि रीडिंग एकच, चार उताऱ्यांचा. म्हणजे 58 पेपरांत गुणांचे उतारे 232. वर 2007 च्या आधीच्या पेपरांत दोन लेखकांचे समोरासमोर ठेवलेले उतारे नाहीतच. आणि उतारा लक्षात राहतो! रीझनिंगचा प्रश्न तीन महिन्यांनी नवा वाटू शकतो, पण उताऱ्यातली विषयवस्तू आठवली की निम्मा वेळ आपोआप वाचतो, आणि गुण फुगतात.

प्रेषक: मीनल (एडिसन)

ओंकारचं सगळं पटतं, फक्त 'जपून ठेवा' हे जरा बेताने. आमच्या ओळखीत अशी मुलं पाहिली आहेत की ठेवणीतल्या पैठणीसारख्या टेस्ट राखतात, परीक्षा होऊन जाते आणि पेपर कोरेच. मुक्ताकडे नोव्हेंबरपर्यंत जेवढे शनिवार आहेत, तेवढेच कोरे पेपर तिला लागणार, त्यातही एखादा शनिवार सुटीचा. आणखी राखून उपयोग नाही. पुढे पुन्हा बसायची वेळ आली तर दोन-तीन जास्तीचे असू द्यावेत, कारण पाच वर्षांच्या काळात पाचदाच बसता येतं आणि जन्मभरात सातदा.

आणि एकदा दिलेला पेपर टाकाऊ नसतो. आमच्याकडे जुनेच पेपर पुन्हा काढले होते, वेळ न लावता. प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा हे एका वाक्यात लिहायचं. उत्तर आठवत असलं तरी कारण आठवत नसतं. गुण मात्र त्या दिवशी मोजायचे नाहीत. आधीच्या क्लासमध्ये धावतपळत दिलेल्या पेपरांचा अजून पुष्कळ कस शिल्लक आहे, वैशाली. नव्या क्लासचा पहिला महिना त्यावरच काढा.

प्रेषक: वैशाली (एडिसन)

मुक्ताने काल रात्री तक्ता केला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा बरे आकडे निघाले, पण मोठ्या क्रमांकांतले बरेच पेपर अर्धवट खाल्लेले आहेत. त्यातले रीझनिंगचे सेक्शन झालेत आणि रीडिंग शिल्लक. ते एकेक सेक्शन 35 मिनिटं लावून सोडवेन म्हणाली. नव्या सरांना मेल केली, त्यांनी पहिली टेस्ट माफ केली!

प्रेषक: सुहास (पिस्कॅटवे)

गराजमध्ये दोन खोकी आहेत, मुलाच्या वेळची, छापील पेपरांची. वैशालीताई, हवी तर घेऊन जा.

प्रेषक: ओंकार (जर्सी सिटी)

सुहास काका, थांबा! छापील पुस्तकांवर जुने क्रमांक आहेत, आतले प्रश्न मात्र लॉहबवर आहेत तेच. मुक्ताने एखादं पुस्तक सहज चाळलं तर राखलेला पेपर कुठल्या पानावर संपला हे तिला कळणारही नाही. घ्यायचीच असली तर जुने-नवे क्रमांक जुळवून पाहा, आणि ज्यांतले पेपर तिने दिलेलेच आहेत तेवढीच पुस्तकं घ्या.

प्रेषक: श्रीकांत (प्रिन्स्टन)

सुहास, त्यातली लॉजिक गेम्सची पानं कोणाला नको असतील तर मी घेतो. सात जण, सात खुर्च्या, अमका तमक्याशेजारी बसणार नाही, असली कोडी मला आवडतात. शनिवारी मंडळाच्या बैठकीला येताना खोकी गाडीत टाक.