चर्चा: स्वतंत्र फिल्ममेकरने ब्रॉडकास्ट इंडिया शोला जावं का?

पठारावरचा
मुंबईत दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास ब्रॉडकास्ट इंडिया शो, म्हणजे टीव्ही-चित्रपटांच्या तंत्राचं प्रदर्शन, भरतो. यंदा जातोय म्हटल्यावर आमच्या गटातल्या दोघांनी वेड्यातच काढलं. "ते चॅनेलवाल्यांचं प्रदर्शन, तुझं तिथे काय काम?" माझं मत नेमकं उलटं आहे. चॅनेलचं यंत्र बिघडलं तर कंपनीचा माणूस धावत येतो. आपल्या दारात कोण येणार? म्हणून आपणच जायचं.

२०१९ला गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात या शोला गेलो होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बंजारा कुटुंबांवरच्या माहितीपटाचं संकलन चालू होतं. बोलणं सगळं गोरबोलीत (बंजारा बोलीत), त्यामुळे मराठी सबटायटल हवीच. आणि तिथेच घोडं अडलेलं. ओळ टाकली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसायची, रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. पडद्यावर एक म्हातारी बाई कोयत्यावर गेलेलं आयुष्य सांगतेय आणि खाली तिचं बोलणं असं लंगडत चाललंय. मला ते बघवत नव्हतं.

हार्ड डिस्क पिशवीत घालून गेलो. संकलनाच्या प्रोग्रामच्या स्टॉलवरच्या पोराला काही सांगता येईना, पण त्याने आतून इंजिनिअरला बोलावलं. तो शेजारी खुर्ची ओढून बसला. अक्षरं जुळवणारं इंजिन रोमन लिपीवर ठेवलेलं होतं. ते भारतीय लिप्यांवर नेलं, प्रोग्राम बंद करून उघडला, आणि वेलांटी जागेवर! वर म्हणाला, "फॉन्ट पण बदला, तुमचा ल आणि श हिंदी वळणाचा आहे." महिनाभर अडलेलं काम वीस मिनिटांत सुटलं.

फिल्मगल्ली
वेलांटी जागेवर आली, मनापासून आनंद आहे. पण तो माहितीपट किती लोकांनी पाहिला? आपला खरा अडथळा हा आहे, आणि त्यावरचं उत्तर कुठल्याच स्टॉलवर मिळत नाही. एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार २००७पासून गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळेस भरतो. निर्माते, महोत्सवांसाठी निवड करणारे, हक्क विकत घेणारे, सगळे एका छताखाली भेटतात. लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी सोडून वर्षातून एकदाच चार दिवस काढता येत असतील, तर ते गोव्यासाठी काढावेत.

दुसरं, ही प्रदर्शनं आश्वासनं विकतात. लास वेगासच्या नॅब शोमध्ये, अशाच मोठ्या प्रदर्शनात, २००६ साली रेड वन कॅमेऱ्याची घोषणा झाली आणि लोकांनी हजार हजार डॉलर आगाऊ भरून नंबर लावले. पहिले कॅमेरे हातात पडायला २००७ उजाडलं. मोठ्या माणसाला असं थांबणं परवडतं. आपण कर्ज काढून थांबतो.

ध्वनीवेडी
आगाऊ पैसे भरू नयेत, हे शंभर टक्के मान्य. पण जाऊ नये, हे नाही पटलं. गेल्या गणपतीत ढोल-ताशा पथक रेकॉर्ड केलं होतं. रेकॉर्डर बत्तीस बिट फ्लोटचा, म्हणजे लेव्हल कितीही वर गेली तरी नंतर खाली आणता येते, असं ऐकून होते. तरी ताशाचा आवाज फाटलाच! ती फाइल घेऊन ब्रॉडकास्ट इंडिया शोला गेले. तिथल्या गृहस्थांनी वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून दाखवला. आवाज खाली आणल्यावरही टोकं सपाटच राहत होती, सुरीने कापल्यासारखी. म्हणाले, "ताई, रेकॉर्डरमध्ये नाही, आवाज तुमच्या माइकमध्येच आधी फाटलाय. माइक किती आवाज सोसतो तो आकडा बघा." नवा रेकॉर्डर घ्यायला निघाले होते, तो खर्च वाचला. काही विकत न घेता परत आले आणि त्याचं समाधान आहे.

रात्रपाळी
स्टॉलच्या दिव्यांत सगळे कॅमेरे देखणे दिसतात. अंधेरीतून एका दिवसाच्या भाड्याने आणा, आपल्या गल्लीत रात्री सोडियमच्या दिव्याखाली चालवा. मी तरी तेच करतो.

पठारावरचा
@रात्रपाळी, कॅमेऱ्यासाठी तुमचंच बरोबर. मी कॅमेरे बघायला जातच नाही.

@फिल्मगल्ली, विचारलंत म्हणून सांगतो. तीन तांड्यांवर (बंजारा वस्त्यांवर) आणि एका साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड्यांच्या मुलांच्या शाळेत, दाखवला, बस्स. पण साखरशाळेतले मराठी गुरुजी दोन वर्षं त्या मुलांना शिकवत होते आणि त्यांच्या आयांचं बोलणं त्यांना कळत नव्हतं. त्यांनी सबटायटल वाचली. एका ठिकाणी थांबवायला लावून तीच ओळ पुन्हा वाचली. ती ओळ मोडकी असती तर?

फिल्मगल्ली
गुरुजींचं वाचून गलबलून आलं. आणि नेमकं म्हणूनच माझं म्हणणं सोडत नाही. चार ठिकाणी दाखवून हा विषय संपत नाही. साखर आयुक्तालयातल्या माणसांनी बघायला हवा, पुण्या-मुंबईतल्या लोकांनी बघायला हवा. फिल्म बाजारच्या व्ह्यूइंग रूमसाठी, जिथे निवड करणारे आणि घेणारे चित्रपट बघतात, कधी अर्ज केला होता का?

पठारावरचा
नाही. सबटायटल नीट होईपर्यंत त्या वर्षीचा वेळ निघून गेला, नंतर धीर झाला नाही. इंग्रजी सबटायटल अजून करायची आहेत. गोरबोली आणि इंग्रजी दोन्ही येणारं कुणी माहितीत असेल तर सांगा, मानधन देईन.